झिंगे, बोंबील आणि चांदूर रेल्वे



आकाशवाणीवरून खाण्यापिण्यावर बोलायला बोलावणं आलं, तेव्हा मला वाटलं माणसांची अदलाबदल झाली असावी. कविता वाचायला बोलावतात ते ठीक आहे. पण विषय सांगितला तो ‘घरची आणि बाहेरची मासळी’. मी म्हटलं, साहेब, मी चांदूर रेल्वेचा. आमच्याकडे समुद्र म्हणजे नकाशातला निळा रंग. महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा किनारा आहे असं आम्ही शाळेत घोकलं, आणि रेल्वेनं मुंबईहून आमचं गावही जवळजवळ तेवढंच, सातशे किलोमीटरच्या आसपास. पलीकडून उत्तर आलं, "म्हणूनच तुम्ही बोला. किनाऱ्यावरचे लोक नेहमीच बोलतात."

तर बोलतो.

अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन. एक बाजार, एक रेल्वे. आमचं रेल्वेचं. मुंबई-हावडा मार्गावर बडनेरा सोडलं की टिमटाळा, मालखेड आणि मग चांदूर. हा लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोचला, त्या वाटेवर आमचं गाव लागलं आणि नावाला रेल्वे चिकटली ती कायमची. माझे अब्बा याच स्टेशनात पॉइंट्समन होते. गाड्यांना रस्ता करून द्यायचा, आपण मात्र जागेवरच राहायचं, असं ते काम. मुंबईची गाडी रोज त्यांच्या डोळ्यांपुढून जायची. समुद्र त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिला आणि घरी येऊन सांगितलं, "पानी बहोत है."

आमच्याकडे मासळी म्हणत नाहीत, मासोळी म्हणतात. ती दोन प्रकारची, ओली आणि वाळली. ओली म्हणजे मालखेडच्या तलावातली, नाहीतर वर्धा नदीची. मरळ, वाम, शिंगाडा, रोहू, कतला, आणि झिंगे. वाळली म्हणजे बोंबील आणि सुकट. ती बाजाराच्या दिवशी मिळायची. मिरच्यांच्या ढिगापलीकडे पोतं अंथरून बाई बसलेली असायची आणि तिच्यापुढे बोंबलांच्या जुड्या, काटक्यांसारख्या. लहानपणी मला खरंच वाटायचं की बोंबील हा झाडाला लागतो.

रोहू आणि कतला आमच्या तलावांतले मूळचे रहिवासी नव्हेत. ते गंगेच्या खोऱ्यातले पाहुणे. पूर्वी त्यांचं बीज नदीच्या पुरातून गोळा करावं लागे, कारण बांधलेल्या पाण्यात हे मासे अंडी घालत नसत. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी या शास्त्रज्ञानं ओडिशात माशाच्याच मेंदूजवळच्या ग्रंथीचा अर्क टोचून त्यांना अंडी घालायला लावली. तेव्हापासून बीज तयार करता येऊ लागलं आणि देशभरच्या तळ्यांत ते सोडलं गेलं. १० जुलै हा दिवस आता देशात मत्स्यशेतकरी दिवस म्हणून पाळतात. एका बी.ए. झालेल्या कवीला एवढं विज्ञान पुष्कळ.

मासोळी घरी आणायची एक भोईण आजी. डोक्यावर टोपली, टोपलीवर ओलं फडकं. ती दारात बसली की अम्मी चुलीतली राख घेऊन यायची. मरळीचा चिकटपणा राखेनं घासल्याशिवाय जात नाही. अब्बा घरी असले तर आधी मासोळीचा गलफडा उचलून पाहायचे. लाल असला तर घ्यायची, फिका असला तर नाही. त्यात ताजेपणाचा हिशोब होताच, शिवाय आमच्या हनफी पंथाचा एक नियमही होता. आपोआप मरून पाण्यावर तरंगलेला मासा खायचा नाही. आजीला हा नियम पाठ होता. "भाऊ, जिती होती, तुमच्या कुरानाची आन," म्हणायची. कुराणाची शपथ भोईणीनं घ्यायची आणि ती अब्बांनी मान्य करायची, यात कुणाला काही वेगळं वाटत नसे.

मरळीचा रस्सा अम्मी फल्लीच्या तेलात करायची. भाजलेला कांदा, भाजलेलं खोबरं, तीळ, लसूण, वरून सांभार. सांभार म्हणजे कोथिंबीर, हे मुंबई-पुण्याच्या श्रोत्यांसाठी. तिकडे मी एकदा भाजीवाल्याकडे सांभार मागितला तर त्यानं मला समोरचं इडलीचं हॉटेल दाखवलं. बोंबील असले तर तव्यावर भाजून, तुकडे करून, कोमट पाण्यात टाकून ठेवायचे आणि वांग्यात घालायचे. सोबत ज्वारीची भाकर. या वांग्या-बोंबलाचा वास आमच्या गल्लीत कुणाच्या घरून येतोय हे ओळखण्याचा खेळ आम्ही पोरं खेळायचो. वास सगळ्या घरांत सारखाच असायचा, त्यामुळे खेळ कुणीच जिंकत नसे.

आता झिंग्यांकडे येतो. खरं तर बोलायचं आहे ते झिंग्यांबद्दलच.

अम्मी भंडाऱ्याकडची. भंडारा म्हणजे तलावांचा मुलूख. कोहळी लोकांनी खोदलेले, पुढे मालगुजारांच्या नावावर गेलेले शेकडो तलाव तिथं आहेत. तिथल्या घरांत झिंगे म्हणजे आमच्याकडच्या तुरीच्या वरणासारखे. अम्मीच्या माहेरी मुसलमान घरांतही ते सर्रास शिजायचे. लग्न होऊन ती चांदूरला आली आणि तिला कळलं की या घरात झिंगा येत नाही.

कारण धर्माचं होतं, पण धर्मातही ते सरळ नव्हतं. हनफी मताप्रमाणे पाण्यातल्या जिवांपैकी फक्त मासा चालतो. खेकडा नाही, कालवं नाहीत. मग झिंगा हा मासा आहे का? प्राणिशास्त्राला विचारलं तर तो मासा नाही, दहा पायांचा कवचधारी जीव आहे. अरबी भाषेच्या जुन्या जाणकारांना विचारलं तर त्यांतल्या अनेकांनी त्याला माशांत मोजलं आहे. त्यामुळे हनफी उलेमांमध्येच दोन मतं. काही म्हणतात बेलाशक खा, काही म्हणतात टाळलेलं बरं. अम्मीच्या माहेरचे मौलवी पहिल्या मताचे आणि आमच्या दादाजींचे दुसऱ्या. अब्बांनी कधी अम्मीला हे समजावून सांगितलं नाही, कधी बंदीही केली नाही. फक्त एवढंच म्हणाले, "हमारे यहाँ नहीं पकता." अम्मीनं त्यावर वाद घातला नाही. तिच्या पिढीच्या बायका वाद घालत नसत, रस्ता काढत.

रस्ता भोयांच्या आवारातून जायचा. भोईण आजीचं घर आमच्यापासून तीन घरं पलीकडे. मालखेडच्या तलावात झिंगे लागले की आजी सकाळी दारात मासोळी देताना हळूच म्हणायची, "भाभी, दुपारच्याले या." दुपारी अब्बा ड्यूटीवर. अम्मी मला घेऊन आजीच्या अंगणात जायची. आजी झिंगे नुसत्या मिठात आणि हळदीत परतायची, मग त्यात लाल मिरची आणि ठेचलेला लसूण. अम्मी शेजारी बसून सांगायची, "मौशी, लसून आन थोडा टाका." ताटलीत दोघी जेवायच्या, मधे मी. अम्मी आमच्या घरात नेहमी सगळ्यांचं झाल्यावर जेवायची. तिला भरल्या भाणाशी बसून, हळूहळू, बोटं चाटत जेवताना मी फक्त त्या अंगणात पाहिलं. निघताना आजी मला दटावायची, "कोनाले सांगू नोको बरं पोट्ट्या." मी सांगितलं नाही. आज पहिल्यांदा सांगतो आहे आणि तेही एकदम सगळ्या महाराष्ट्राला.

श्रोतेहो, मासोळीची एक गोष्ट बिगर-मुसलमान श्रोत्यांना कदाचित माहीत नसेल. आमच्यात बकरा किंवा कोंबडी हलाल पद्धतीनं, अल्लाहचं नाव घेऊन कापलेली असावी लागते. म्हणून महाराष्ट्राच्या गावगाड्यात मुलाणी हा बलुतेदार होता. मराठ्याच्या, कुणब्याच्या घरी नवसाचा बकरा असला तरी सुरी मुलाण्याच्या हातची, म्हणजे गावातल्या मुसलमानालाही पंगतीला बसता यावं. आमच्या वऱ्हाडातल्या कितीतरी खेड्यांत ही रीत मी डोळ्यांनी पाहिली आहे. पण मासोळीला त्यातलं काहीच लागत नाही. ती पाण्यातून बाहेर आली की झालं. तिच्यासाठी कुणाला बोलवावं लागत नाही, कुणाला विचारावं लागत नाही. म्हणून परक्या गावात, अनोळखी खानावळीत, मित्राच्या घरी, मी कुठंही बिनधास्त मासोळी खाऊ शकतो. आयुष्यभर मी घराबाहेर जे काही मनापासून जेवलो, ते एकतर वरण-भात तरी होतं नाहीतर मासोळी.

अमरावतीला कॉलेजात शिकायला गेलो तेव्हा हे उपयोगी पडलं. खोली शोधताना घरमालक आडनाव विचारायचे आणि मग म्हणायचे, "आमच्याकडे नॉनव्हेज चालत नाही हो." मी न शिजवण्याचं वचन द्यायचो, तरी चालायचं नाही. ते नॉनव्हेज म्हणजे मी होतो, हे कळायला दोन-तीन घरं लागली. शेवटी खोली दिली ती एका विधवा बाईंनी. त्या माळकरी होत्या, कांदाही खायच्या नाहीत. त्यांची अट एकच, एकादशीला घरात काही शिजवायचं नाही. ती मी बी.ए. होईपर्यंत पाळली. एकादशीला मी आणि माझा खोलीमित्र गिला वडा खाऊन राहायचो. अमरावतीचा गिला वडा हा उपवासाला चालतो का, हे आम्ही बाईंना कधी विचारलं नाही. उपवास आमचा नव्हताच.

समुद्राची मासळी मी पहिल्यांदा खाल्ली १९९६ साली, मुंबईत. दादरला कवितावाचनाचा कार्यक्रम होता. संपल्यावर संयोजक आम्हा दोघा-तिघांना एका मालवणी खानावळीत घेऊन गेले. वाटेत त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "तुम्हाला इथं चालेल ना?" विचारणाऱ्याच्या मनात आदर होता, पण जरा संकोचही होता. मी म्हटलं, "मासोळीला कुठलीच खानावळ वर्ज्य नसते." ते मोकळेपणी हसले आणि मग जेवण सुरळीत सुरू झालं.

थाळीत बोंबील आले. रव्यात घोळून तळलेले, लांबट, चपटे. मी जात्या आत्मविश्वासानं हात घातला, बोंबील तर आमच्या घरचा. आणि तो बोटांतच मोडला. आत पांढरं, ओलं, लोण्यासारखं काहीतरी. मला वाटलं कच्चा राहिला. वाढप्याला बोलावणार एवढ्यात शेजारचा कवी दोन घासांत त्याचा फडशा पाडताना दिसला. मग मी खाल्ला. श्रोतेहो, तीस वर्षं ज्याला मी काटकी म्हणून ओळखत होतो, ज्याला पाट्यावर ठेचून मऊ करावं लागायचं, तो जन्मतः असा असतो हे मला तेव्हा कळलं. बोंबलात पाण्याचं प्रमाण फार असतं. तो फार वेळ टिकत नाही, म्हणून किनाऱ्यावर बांबूच्या मांडवांवर उन्हात टांगून वाळवतात आणि मगच तो आमच्यापर्यंत प्रवासाला निघतो. आमच्याकडे येतो तो त्याचा वाळलेला अवतार. मी त्या रात्री चार खाल्ले.

मग गुलाबी रंगाची वाटी आली. मला वाटलं दुधातलं रूहअफ्झा. रमजानात आमच्या घरी रोज असतं. खूश होऊन मोठा घोट घेतला तर आंबट, त्यात लसूण आणि हिरवी मिरची. माझा चेहरा पाहून सगळी मंडळी हसली. ती सोलकढी होती. कोकम म्हणजे काय ते वऱ्हाडात आम्हाला कुठून माहीत असणार? आमच्याकडे आंबट म्हणजे चिंच, अंबाडी, चुका. दुसरा घोट मात्र मी जपून घेतला आणि तिसरी वाटी स्वतः मागून घेतली.

त्या थाळीत एका छोट्या वाटीत कोळंबी होती. मी ओळखलं, हे तर आमचे झिंगे. फक्त आमचे बोटाच्या पेराएवढे आणि हे आख्ख्या बोटाएवढे. घास तोंडात घातला आणि भोयांचं ते अंगण आठवलं. वाटलं, हे अम्मीसाठी न्यावं. पण गाडी दुसऱ्या दिवशीची, महिना मे, आणि खिशात मानधनाचं पाकीट न उघडताही हलकं लागत होतं.

घरी येऊन सांगितलं. अम्मीनं विचारलं, "कितने बड़े?" मी बोट दाखवलं. "झूट," ती म्हणाली आणि पुन्हा विचारलं, "सच में?" अब्बा समोर पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपरची घडी बदलली आणि पुन्हा वाचू लागले.

यानंतर आठ वर्षांनी, २००४ साली, रत्नागिरीला जाणं झालं. तेही कवितेमुळेच. एका कोकणी मुसलमान शिक्षकाच्या घरी मुक्काम होता. संध्याकाळी दस्तरखान अंथरलं. तांदळाच्या भाकऱ्या, खेकड्यांचं कालवण, तिसऱ्यांचं सुकं. माझा हात थांबला. त्यांच्या आईनं ते पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही हनफी ना?" मी मान हलवली. त्यांनी मागचं झाकण उघडलं. तळलेले बांगडे तयार होते. वरून आलेला पाहुणा म्हटलं की त्या आधीच वेगळं करून ठेवायच्या.

त्या रात्री मला कळलं की कोकणातले मुसलमान शाफई पंथाचे असतात. समुद्रमार्गे आलेल्या अरब व्यापाऱ्यांबरोबर हा पंथ किनाऱ्यावर रुजला. केरळचे मापिळा, भटकळचे नवायत, तिकडे इंडोनेशियापर्यंत सगळे शाफई. त्यांच्यात समुद्रातला जवळजवळ प्रत्येक जीव हलाल. आम्ही जमिनीवरच्या वाटेनं आलेल्यांचे वारस, आमचा नियम वेगळा. एकच कलमा, एकच नमाज आणि एकाच दस्तरखानावर दोन भांडी. त्या घरात कुणी मला पटवायला गेलं नाही आणि मीही कुणाला पटवायला गेलो नाही. खेकडा मात्र मी खाल्ला नाही. का, ते नीट सांगता यायचं नाही. कोळंबी मिटक्या मारत खाणाऱ्यानं खेकड्यापाशी अडावं याला फारसा तर्क नाही. अब्बांचा चेहरा आठवला, एवढंच. तिसऱ्यांचा रस्सा भाकरीला लागला असेल तर अल्लाह माफ करो, चव चांगली होती.

हे सगळं गमतीत सांगतो आहे, पण एक गोष्ट गमतीची नाही, ती सांगून पुढे जातो. गेल्या दहा-बारा वर्षांत मी प्रवासाला निघालो की अम्मी डब्यात मटण देत नाही. खिमा-चपाती ही माझी रेल्वेतली जुनी सवय. पण एक दिवस तिनं डबा हातात देताना म्हटलं, "मच्छी है. किसी ने पूछा तो खोल के दिखा देना." मी विचारलं, कोण विचारणार? ती काही बोलली नाही. दुपारी ती टीव्हीवर बातम्या बघते. माझ्या डब्यात कशाचं मांस आहे हे कुणाला सिद्ध करून दाखवावं लागेल, या भीतीनं माझ्या ऐंशीच्या घरातल्या आईनं स्वयंपाक बदलला. माशाच्या तुकड्यात काटा दिसतो, तो दिसला की प्रश्न मिटतो, असा तिचा हिशोब.

एकदा बडनेऱ्याला गाडीत बसलो आणि डबा उघडला तर समोरच्या गृहस्थांनी खरंच विचारलं, "काय आणलं?" माझा घास हातातच राहिला. मी म्हटलं, "मासोळी." ते म्हणाले, "वासानंच ओळखलं मी. मरळ ना? माही बायको करते, पन तिले काही जमत नाही." आणि त्यांनी आपल्या डब्यातलं अर्धं लिंबू माझ्याकडे सरकवलं. त्यांना मी एक तुकडा दिला. अकोला येईपर्यंत आम्ही फक्त मासोळीवर बोलत होतो. पण घास हातात थांबला होता तो क्षणही खरा होता आणि तो मला अजून आठवतो.

अब्बा २०११ साली गेले. इद्दत संपल्यावर एकदा भोईण आजी दारात येऊन हळूच म्हणाली, "भाभी, झिंगे भेटले." अम्मी गेली नाही. पुन्हा एकदा निरोप आला, तरी गेली नाही. मी म्हटलं, अम्मी, आता तर घरातच करता येतील, मी आणतो. अम्मी म्हणाली, "अब किस से छुपा के खाऊँ?"

आजी त्यानंतर दोन वर्षांनी वारली. त्याआधी ती आजारी असताना मी भेटायला गेलो तेव्हा बोलता बोलता हसली आणि म्हणाली, "तुह्या बापाले सारं मालूम होतं. ज्या दिवशी मी झिंगे आनो, त्या दिवशी तो ठेसनाकून फेरा मारून घरी जाये. आमच्या आंगनावरून येतच नव्हता." अब्बांचा स्टेशनातून घरी यायचा जवळचा रस्ता आजीच्या अंगणावरून होता. माणूस गाड्यांना रस्ता करून देण्याच्या नोकरीत होता, हे मी सुरुवातीला सांगितलंच.

मी हे अम्मीला सांगितलं की नाही? सांगितलं. तिनं तांदूळ निवडता निवडता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मालूम है."

आता बाजार बदलला. अमरावतीत थर्मोकोलच्या पेटीत बर्फावर सुरमई येते, बांगडा येतो. रोहू-कतला बराचसा आंध्रातल्या शेततळ्यांतून ट्रकनं येतो. झिंगे वर्षभर मिळतात. ते बहुतेक आंध्रातल्याच तळ्यांत वाढवलेले, व्हेनामी जातीचे. ही जात मूळची पॅसिफिक महासागराच्या अमेरिकेकडच्या किनाऱ्याची. भारतात तिच्या शेतीला २००९ साली परवानगी मिळाली. म्हणजे समुद्र आता चांदूरला यायला लागला आहे, जरा लांबच्या वाटेनं. चव? आमच्या मालखेडच्या झिंग्यांपुढे ती फिकी, असं मी म्हणेन, पण माझ्या बोलण्यात बालपण मिसळलेलं आहे, ते श्रोत्यांनी वजा करून घ्यावं.

माझा मुलगा पुण्याला नोकरी करतो. २०२२ साली त्याचं लग्न झालं. मुलगी त्याच्याच ऑफिसातली, रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावची. म्हणजे शाफई. निकाहला त्याची काही अडचण नसते. अडचण वेगळीच आली. अम्मीची आमची वऱ्हाडी उर्दू सूनबाईला नीट कळेना आणि तिची घरातली कोकणी बोली अम्मीला अजिबात कळेना. शेवटी दोघी मराठीवर आल्या. आमच्या घरात आजी आणि नातसून मराठीत बोलतात, ते अशा सोयीनं. मराठीत कविता लिहिणाऱ्या मला लोक अजून अधूनमधून विचारतात की मराठी कशी काय? आता मी त्यांना घरी चहाला बोलावतो.

पहिल्या ईदला ती चांदूरला आली ती एक जड पिशवी घेऊन. तिच्यात आमसुलं, नारळ, सुके बोंबील आणि एक घट्ट बांधलेली पुडी. बोंबील पाहून मी हसलो, म्हटलं, हे तर आमच्या बाजारात मिळतात. पुडीबद्दल मात्र विचारावं लागलं. सोडे, ती म्हणाली. म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी. किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या दिवसांसाठी घरोघरी हे करून ठेवतात. महाग वस्तू. आईनं खास आमच्यासाठी दिली होती. पोरगी उत्साहानं स्वयंपाकघरात गेली आणि एकदम तिला काहीतरी आठवलं असावं. दारात थबकून म्हणाली, "दादी, तुमच्याकडे चालतात ना?"

मी बाहेरच्या खोलीतून ऐकत होतो. मुलगा मोबाईलमधून मान वर करून माझ्याकडे बघू लागला. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. स्वयंपाकघरात बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग अम्मी म्हणाली, "वांगे हायेत का पाहा टोपलीत."

सोडे वांग्यात घातले गेले. कोकणातले सोडे, वऱ्हाडातली हिरवी काटेरी वांगी, आणि सूनबाईनं आग्रह धरला म्हणून दोन आमसुलं. आम्ही सगळे एकत्र जेवायला बसलो. अम्मीलाही सूनबाईनं ओढून बसवलं. अम्मीनं एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. आम्ही तिघं आपापल्या ताटात बघण्याचं नाटक करत होतो. ती म्हणाली, "लसूण कमी हाय." आणि आणखी एक भाकर घेतली.

जेवण झाल्यावर तिनं एका वाटीत थोडं काढून भोयांच्या घरी पाठवलं. आजी नाही, पण तिचा नातू आहे. तो आता बाजारात बर्फाच्या पेट्या घेऊन बसतो आणि रोजचे भाव मोबाईलवर टाकतो. संध्याकाळी त्याचा फोन आला. मला वाटलं, आजीची आठवण काढेल. तो म्हणाला, "काका, हे सोडे कुठून आणले? किलोचा भाव काय? आपल्या इथं चालतील."

तेव्हापासून दर पावसाळ्याआधी रत्नागिरीहून चांदूरला एक पार्सल येतं. त्यातला एक वाटा आमचा असतो, बाकीचा त्या नातवाचा. पार्सलवर नाव माझं असतं. उघडते अम्मी.